कानांवरचे हात

आमच्या शाळेत विजेची घंटा आहे, पण ती वाजत नाही. बिघडलेली नाही, मीच ती बंद ठेवली आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर मी जो पहिला बदल केला तो हा. अडगळीच्या खोलीतला जुना पितळी टोल बाहेर काढून व्हरांड्यात टांगला आणि शिपायाच्या हाती लाकडी हातोडी दिली. सहकाऱ्यांना वाटले, साहेबांना जुन्याची हौस. मीही तो समज मोडला नाही. उलट त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात टोलाच्या गोड नादावर पाच-सात मिनिटे बोललो आणि टाळ्या घेतल्या. (इकडे गुजरातेत मुख्याध्यापकाला 'आचार्य' म्हणतात. सुरतेतल्या मराठी मास्तराला ही पदवी फुकटात मिळते. तेव्हा अधूनमधून भाषण ठोकावेच लागते.) खरे कारण निराळेच होते. विजेची घंटा वाजली की माझ्या दाढांच्या मुळापर्यंत कळ जात असे आणि पुढची दहा मिनिटे आपण काय बोलतो आहोत हे माझे मलाच उमगत नसे. पण हे सांगायचे कोणाला? मुख्याध्यापक आणि घंटेला भितो!

आज हे छापायला देण्याइतका धीर मला आला, त्याला माझा एक जुना विद्यार्थी कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी, जूनमधल्या प्रवेशाच्या धांदलीत तो कचेरीत आला. वय तिशीच्या पुढे. साड्यांवरच्या भरतकामाची नक्षी संगणकावर उतरवण्याचे काम करतो. इथल्या बाजारात त्याला 'पंचिंग' म्हणतात. दारात उभा राहून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बोलू लागला, तेव्हा मला तो ओळखू आला. नववीला माझ्याच वर्गात होता. हातात जुने प्रगतिपुस्तक आणि एक छापील फॉर्म.

"सर, माझी तपासणी चालू आहे. स्वमग्नतेची. मोठ्या माणसाची तपासणी करताना तो लहानपणी कसा होता, हे सांगणारं कोणीतरी लागतं. आई गेली. वडिलांना काही आठवत नाही. इथे शेऱ्याखाली तुमची सही आहे."

प्रगतिपुस्तक उघडले. निळ्या शाईत माझेच वळणदार अक्षर होते: 'हुशार, पण लक्ष नाही. विचारल्यास तोंडाकडे पाहत नाही. वर्तन उद्धट. सुधारणा हवी.'

स्वमग्नता म्हणजे इंग्रजीतला ऑटिझम. हा शब्द मी शिक्षक-प्रशिक्षणात ऐकला होता; पण तो न बोलणाऱ्या, हात हलवत बसणाऱ्या लहान मुलांसाठी असतो अशी माझी पक्की समजूत. ती चूक माझ्या एकट्याची नव्हे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची लक्षणे लिहून काढली, तेव्हापासून कित्येक वर्षे हा बालरोगाचाच विषय समजला गेला. जणू ती मुले पुढे मोठी होणारच नव्हती! मुलांना तपासणारे आता पुष्कळ ठिकाणी आहेत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता या दोहोंची नावे आली. पण त्यापूर्वीच शाळा ओलांडून गेलेल्यांचे काय? त्यांना आम्ही मास्तरांनी दुसरी नावे दिली होती: उद्धट, घुमा, वेंधळा, नाजूक साजूक. तीच नावे घेऊन ती माणसे नोकरीला लागली, बोहल्यावर चढली.

यासाठी रक्ताची तपासणी नाही की फोटो नाही. ही घडण जन्मापासूनची असते, म्हणून लहानपणाचा पुरावा शोधावा लागतो. त्याच्यापाशी पुरावा म्हणून माझा शेरा तेवढा उरला होता.

फॉर्म मी घरी नेला आणि रात्री जेवणानंतर भरायला बसलो. इतरांच्या ध्यानातही न येणाऱ्या आवाजांचा त्रास होत असे का? कपड्यांचा एखादा स्पर्श सहन होत नसे का? गर्दीतून आल्यावर एकटे बसावे लागे का? त्याच्याविषयी आठवून आठवून लिहिता लिहिता माझे पेन अडखळू लागले. माझ्या प्रत्येक नव्या सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी सौ. कात्रीने उसवून टाकते. पंचवीस वर्षे झाली, कधी कारण विचारलेले नाही. नवरात्रात गल्लोगल्ली गरब्याचे भोंगे लागले की मी रजा काढून नंदुरबारला बहिणीकडे जातो आणि 'देवीच्या दर्शनाला' म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीतून दोन घास खाऊन उठतो, ते पथ्य म्हणून नव्हे.

आणि मग तो प्रश्न आला, मोठ्या आवाजाच्या वेळी मूल काय करी?

ते मी विसरलो नव्हतो. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तालीम होती. आमचे पटांगण तीन बाजूंनी भिंतींचे. ढोल-ताशा वाजला की आवाज तिथल्या तिथे घुमतो. रांगेतला हा मुलगा दोन्ही हात कानांवर दाबून, डोळे मिटून उभा होता. बाकीची पोरे हसत होती. मी तरातरा गेलो आणि त्याचे हात ओढून खाली केले. तो गेटकडे पळाला. त्याला धरून आणून उरलेली तालीम संपेपर्यंत ढोलापाशी उभे केले. 'शिस्त' या सदराखाली हे सगळे मजेत बसत होते.

त्या क्षणी माझे स्वतःचे कान फुटायला आले होते, हे मी फॉर्मवर लिहिले नाही. तिथे तेवढी जागाही नव्हती.

आमचे कुटुंब खानदेशातले. वडील सुरतेला यंत्रमागावर आले आणि उधन्याच्या एका शेडमध्ये आयुष्यभर साचे चालवले. ज्यांनी चालू यंत्रमागाची शेड पाहिली नाही, त्यांना तो आवाज शब्दांनी सांगता येणार नाही. नव्वद डेसिबलच्या वरचा तो कल्लोळ. तिथली माणसे एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. दहा वर्षांचा असताना मी वडिलांचा डबा घेऊन गेलो की दारातच कानांवर हात ठेवीत असे. एकदा त्यांनी ते पाहिले, जवळ आले आणि माझे हात अगदी हळूच खाली केले. वाईट हेतू नव्हता. चार माणसांत पोराचे हसे होऊ नये, एवढेच. त्यानंतर मी कधी कानांवर हात ठेवले नाहीत. आपण धीट झालो असे मला वाटे. खरे तर मी हात तेवढे खाली ठेवायला शिकलो होतो.

त्याने विनंती केली म्हणून मी त्याच्याबरोबर मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाई गुजराती, वयाने माझ्या मुलीएवढ्या. सगळे त्यांना 'बेन' म्हणतात. खोली साधीच होती. पण ट्यूबलाइट नव्हती, कोपऱ्यात पिवळा दिवा होता. बसताच त्यांनी विचारले, पंख्याच्या आवाजाचा त्रास होतो का, बंद करू का? पन्नाशी उलटलेल्या मला हा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता. मी 'नाही, नाही' म्हणालो. तो विद्यार्थी म्हणाला, "हो, करा." तेवढ्यात मला कळले की आम्हा दोघांत शहाणा कोण आहे.

महिन्याभराने मी एकटा गेलो. घरी 'संस्थेची मीटिंग' असे सांगून गेलो आणि बाहेरच्या बाकावर आठवीतल्या एका मुलीचे वडील भेटले! दोघांनीही भिंतीवरचे एकच चित्र फार निरखून पाहिले.

आमची पहिली पंचाईत भाषेची. मी माझ्या मोडक्यातोडक्या नव्हे, चांगल्या गुजरातीत बोलत होतो. पण मनातले सांगायची वेळ आली की शब्द मराठी येत. मी म्हणालो, लहानपणापासून मी 'हळवा' आहे. बेननी मान डोलावली आणि दोन मिनिटांनी विचारले, मग एवढे हलके वाटत असताना त्रास कशाचा? गुजरातीत हळवा म्हणजे हलका, वजनाने कमी! उलट त्या मला 'लागणीशील' म्हणाल्या, म्हणजे भावनाशील; आणि माझ्या मराठी कानाला ऐकू आली ती 'लागण'. १९९४ च्या प्लेगात सुरत सोडून पळणाऱ्या गाड्या पाहिलेल्या माणसाला तो शब्द कसा ऐकू येईल? आम्ही दोघेही खूप हसलो. पण त्यानंतर त्यांनी नियम केला: मनातले मराठीत बोलायचे, त्यांना अडेल तिथे समजावून सांगायचे. दुभाषी जिल्ह्यांतल्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. व्यवहाराची भाषा कितीही सफाईची असली तरी दुखणे घरच्या भाषेतच सांगता येते.

तपासणीचा निष्कर्ष असा निघाला, की तो विद्यार्थी स्वमग्नतेच्या पटावर आहे आणि मी नाही. माझी प्रकृती अतिसंवेदनशील. एलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली या प्रकृतीवर पुस्तक लिहिले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे शंभरात पंधरा-वीस माणसे अशी असतात. हा रोग नव्हे, त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मिळूही नये. स्वमग्नता, अवधानाची कमतरता, अध्ययन-अक्षमता या घडणी निराळ्या. बाहेरून मात्र पुष्कळदा सारखे दिसते: कानांवर हात, गर्दीतून पळ, संध्याकाळी थकवा. म्हणून मोबाइलवर दहा प्रश्न सोडवून स्वतःला किंवा जावयाला नाव देऊन मोकळे होऊ नये. जाणत्याकडून तपासून घ्यावे.

मग उपचार कसला? मलाही तेच वाटले होते, की गोळी देतील आणि घंटा गोड लागेल. स्वमग्नता घालवणारे औषध नाही, संवेदनशीलता घालवणारेही नाही. सोबत येणारी चिंता, उदासी, झोपमोड यांवर औषधे आहेत. अवधान टिकत नाही अशांनाही औषधाचा उपयोग होतो. ते मनोविकारतज्ज्ञाने ठरवायचे. बाकी सगळे काम बोलण्याचे आणि मांडामांड करण्याचे असते. तेही अशा माणसांना मानवेल अशा रीतीने. त्या विद्यार्थ्याला बेन सुरुवातीलाच आजचे तीन मुद्दे कागदावर लिहून देत. 'मन मोकळं करा' असल्या मोघम सूचना नाहीत. 'छातीत दडपण आहे का, किती वाजता सुरू झाले,' असे थेट विचारीत. डोळ्यांत पाहण्याची सक्ती नाही. तो खिडकीकडे पाहत बोलायचा आणि जास्त बोलायचा.

मला त्यांनी तीन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. किती वाजता कोणता गोंगाट, त्यानंतर किती वेळाने मन ताळ्यावर आले. वही भरल्यावर मला माझीच लाज वाटली. शाळेत माझ्या रागाला 'साडेचारचा ताप' म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण साडेचारला ज्यांच्यावर मी तडकलो त्या कारकुनाचा, त्या शिक्षिकेचा, त्या पोरांचा त्यात दोष नव्हता. मधल्या सुट्टीत हजार पोरांच्या कालव्यात उभे राहायचे, लगेच शेजारच्या गल्लीतल्या मशीनची खडखड ऐकत तास घ्यायचा आणि त्यावर दातओठ खात हसतमुख राहायचे, याचे ते व्याज होते.

आणि मग 'च'चे प्रकरण आले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मराठी वाचकांना नवी नाही. ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखना-बोलण्यातून ती आपल्या घरांत पोचली आहे. बेन त्याच वाटेने जात होत्या. माझे एक वाक्य त्यांनी कागदावर लिहिले: 'मला आवाज सहन झालाच पाहिजे.' त्यातल्या 'च'खाली रेघ ओढली. गुजरातीत त्या जागी 'ज' येतो, 'थवुं ज जोईए'. मी मराठीचा एम. ए.; निपात, शब्दयोगी अव्यये मुलांकडून घोकून घेणारा. त्या एका अक्षराने माझी चाळीस वर्षे वेठीला धरली असतील हे मला कोणत्याही व्याकरणात सापडले नव्हते.

पण मी वाद घातला. म्हटले, बेन, 'च' काढला तरी कान दुखायचे थांबतील का? त्या म्हणाल्या, नाही थांबणार. कानाचे दुखणे खरे आहे, त्याच्याशी तर्क लढवू नका. तिथे दार लावा, जागा बदला, कापूस घाला. 'च' हा वरून घातलेला भार आहे, लाजेचा. तेवढाच आपण उतरवू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या करणे, हाच सारा उपचार आहे असे मला आता वाटते. आम्ही शाळेत नेमके उलटे करीत आलो: दुखणे खोटे ठरवले आणि लाज खरी करून दिली.

उपाय हास्यास्पद वाटावेत इतके किरकोळ निघाले. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटे माझे दार बंद असते. शिपायाला सांगून ठेवले आहे. शिक्षकांची सभा दुपारची सकाळवर आणली. साडेचारचा ताप अजून येतो, पण रोज नाही.

त्याचे मात्र इतके सोपे नव्हते. त्याचा संसार मोडकळीला आला होता. बायको जळगावची, चार वर्षे झाली लग्नाला. हा कामावरून आला की तासभर खोलीत अंधार करून पडायचा. तिला वाटे, आपल्याशी बोलायचे नाही. ती रडली की हा गप्प उभा राहायचा. तिला वाटे, दगड आहे. शेवटी ती माहेरी गेली. डेमियन मिल्टन या, स्वतः स्वमग्न असलेल्या, इंग्रज अभ्यासकाने २०१२ साली एक मुद्दा मांडला तो मला फार पटला. अशा माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? न कळणे दोन्हीकडून असते. आपल्या भागात हे नवे वाटू नये. 'हळवा' शब्दावर मी आणि बेन अडलो, तेव्हा दोघांपैकी अडाणी कोणीच नव्हते.

'स्वमग्न' या शब्दावरच त्याचा आक्षेप आहे. "सर, मी स्वतःत मग्न नाही. बाहेरचं सगळं एकदम आत येतं, म्हणून दार लावतो." इतकी नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरांचीच आहे. आमच्याकडे पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या पालकांना कोणीतरी सल्ला दिला, की पोर बोलत नाही तर घरात मराठी-अहिराणी बंद करा, एकच भाषा ठेवा. आजीने वर्षभर नातवाशी मोडक्या गुजरातीत बोलण्याची धडपड केली. शेवटी ती बोलायचीच बंद झाली. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे संशोधनात आढळलेले नाही. आजीची भाषा काढून घेऊ नका.

माफी मागायला मी सहा महिने लावले. एका शनिवारी दुपारी तो शाळेत आला होता. त्याला पटांगणात नेले आणि म्हटले, "त्या पंधरा ऑगस्टच्या वेळी मी तुझे हात ओढले, ते चुकलं माझं."

तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "पंधरा ऑगस्ट नव्हे, सर. बारा ऑगस्ट २००८. मंगळवार. दोनदा ओढले. पहिल्यांदा मी 'दुखतंय' म्हणालो होतो. तुम्हाला ढोलामुळे ऐकू आलं नसेल."

मला ऐकू आले होते. ते मी त्याला सांगितले. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी इतकी वर्षं 'ऐकू आलं नसेल' असं धरून चाललो होतो." मग त्याने टोल कुठे टांगला आहे ते विचारले आणि जवळ जाऊन बोटाने वाजवून पाहिला.

पुढच्या मासिक सभेत मी शिक्षकांना टोलाचे खरे कारण सांगितले. कोणी काही बोलले नाही. पण व्यायामाच्या सरांनी त्या ऑगस्टमध्ये ढोल पटांगणातून समोरच्या मोकळ्या मैदानात नेला आणि ज्यांना लांब उभे राहायचे आहे त्यांची नावे मागितली. चार नावे आली. त्यांतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'हट्टी' असा शेरा होता. तो मी खोडला नाही. त्याखाली नवीन तारीख घालून दुसरे लिहिले.

तज्ज्ञ परवडत नाहीत, हे खरे आहे. बेनची फी मलाही जड गेली. यंत्रमागावरच्या माणसाने काय करावे? सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येते आणि गुजरातीतही. तिथे तपासणी होत नाही, पण पुढे कुठे जावे हे तरी विचारता येते. सरकारी रुग्णालयांतही मनोविकार विभाग असतात. तिथल्या बाकावर ओळखीचे कोणी भेटले तर भिंतीवरच्या चित्राकडे पाहावे.

परवा त्याचा फोन आला. त्याची बायको दिवाळीला चार दिवस येते आहे; राहायला की नुसती भेटायला, ते तिने सांगितलेले नाही. गेले वर्षभर दोघे फोनवर लिहून बोलतात, बेनच्याच सांगण्यावरून. लिहून तो पुष्कळ बोलतो म्हणे. तिला उतरवून घ्यायला उधना स्टेशनवर जायचे होते. दिवाळीच्या तोंडावर खानदेशाकडे जाणाऱ्यांची तिथे काय झुंबड असते हे सुरतेच्या मराठी माणसाला सांगायला नको. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालून फलाटावर उभे राहिले तर तिला अपमान वाटेल का, हे त्याला माझ्याकडून हवे होते.

मी म्हटले, "मला काय विचारतोस? तिला विचार."

त्याने तिला लिहून विचारले. तिचे उत्तर त्याने मला जसेच्या तसे वाचून दाखवले: "घाला. पण बॅग धरायला एक हात मोकळा ठेवा."